टाकी तापत नाही, हीटर जळतो: धातूच्या रासायनिक टाकीतील उष्णतेचा इतिहास

हा पाठ एका तक्रारीपासून सुरू करू. काही वर्षांपूर्वी अंतिम वर्षाच्या चार विद्यार्थ्यांना प्रकल्पासाठी घेऊन मी एका औद्योगिक वसाहतीतल्या छोट्या कारखान्यात गेले होते. लोखंडी भागांना रंग देण्यापूर्वी तिथे त्यांच्यावर झिंक फॉस्फेटचा थर चढवत. टाकी साधारण १००० लिटरची. द्रावण ६० अंश सेल्सिअसला हवे, पण काटा ५२ च्या पुढे सरकत नव्हता. मालकांना रोगाचे निदान आधीच ठाऊक होते. "मॅडम, हीटर कमी पडतायत. अजून किती लावायचे तेवढं सांगा."

आम्ही गणित केले, हीटर लावायला सांगितले, आणि टाकी आधीपेक्षा वाईट झाली. कशी, ते पुढे येईलच. त्या फजितीनंतर मी जुनी पुस्तके चाळू लागले. लक्षात आले ते असे की "टाकी तापत नाही" ही शंभर वर्षांपूर्वीची तक्रार आणि "हीटर जळतो" ही आजची तक्रार मुळात एकच आहे. उष्णता किती द्यायची हे माणसाने लवकर शिकून घेतले. ती कोणत्या पृष्ठभागातून द्यायची, हे मात्र त्याला दर पिढीत नव्याने शिकावे लागले.

उष्णता वस्तूत की टाकीत?

कर्नाटकातल्या बिदरची बिदरी भांडी तुम्ही पाहिली असतील: काळ्याभोर अंगावर चांदीची चमकती वेलबुट्टी. ही भांडी मुख्यतः जस्ताची, त्यात थोडे तांबे. काळा रंग आणण्यासाठी कारागीर बिदरच्या किल्ल्यातली माती आणि नवसागर पाण्यात कालवतो, भांडे थोडे तापवतो आणि ते मिश्रण त्यावर चोळतो. जस्ताचा पृष्ठभाग काळा पडतो, चांदी तशीच राहते. इथे तापते काय, तर वस्तू. रसायन नाही. जिथे रासायनिक क्रिया हवी, नेमकी तिथेच उष्णता आहे.

पाऱ्यातून सोन्याचा मुलामा देण्याची जुनी पद्धतही अशीच होती. सोने आणि पारा यांचे लोण्यासारखे मिश्रण वस्तूला लावायचे आणि ती विस्तवावर धरायची. पारा उडून जातो, सोने राहते. त्या पाऱ्याच्या वाफांनी किती कारागिरांचे हात थरथरते केले आणि किती जणांचे आयुष्य आखूड केले, हा वेगळा आणि दुःखद इतिहास आहे. आपल्या विषयापुरते एवढेच लक्षात ठेवा की उष्णता थेट वस्तूला दिली जात होती. इंग्लंडमध्ये १८६९ साली रॉस याने घेतलेले पेटंट याच वळणाचे आहे. स्त्रियांच्या कॉर्सेटमधल्या लोखंडी पट्ट्या गंजू नयेत म्हणून त्या लाल तापवून फॉस्फोरिक आम्लात बुडवायच्या.

मग विजेचा मुलामा आला. बर्मिंगहॅमच्या एल्किंग्टन बंधूंचे चांदीच्या मुलाम्याचे पेटंट १८४० चे. जॉन रાઇट या शल्यचिकित्सकाला सुचलेले सायनाइडचे द्रावण त्यात होते, आणि ते साध्या हवेच्या तापमानाला उत्तम चाले. त्यामुळे पुढची बरीच दशके प्लेटिंगच्या बहुतेक मोठ्या टाक्या थंडच राहिल्या आणि त्या तापवण्याचा प्रश्न उद्भवला नाही. प्रश्न आणला तो फॉस्फेटने.

कॉस्लेटची कढई

बर्मिंगहॅममध्येच थॉमस वॉट्स कॉस्लेट याने १९०६ मध्ये एक पेटंट घेतले. पातळ फॉस्फोरिक आम्लात लोखंडाचा कीस टाकायचा, द्रावण उकळीच्या जवळ न्यायचे आणि त्यात लोखंडी वस्तू काही तास ठेवायच्या. बाहेर काढल्यावर त्यांच्यावर राखाडी-काळा, गंजाला अडवणारा थर दिसतो. आता तापत होती ती अख्खी टाकी. उष्णता बुडातून किंवा भिंतीतून द्रावणात शिरायची आणि द्रावणातून वस्तूपर्यंत जायची.

यात काय बिघडू शकते हे समजण्यासाठी फॉस्फेटिंगचे रसायन थोडे पाहावे लागेल. कंटाळू नका, सगळा पाठ याच परिच्छेदावर उभा आहे. द्रावणात धातूचे प्राथमिक फॉस्फेट विरघळलेले असते. थोडी आम्लता आहे तोवर ते विरघळलेलेच राहते. वस्तू आत गेली की आम्ल लोखंडाला खाऊ लागते आणि खाताना स्वतः खर्च होते. त्यामुळे लोखंडाला लागून असलेल्या पातळ थरात आम्लता घटते, तिथले प्राथमिक फॉस्फेट टिकू शकत नाही, त्याचे न विरघळणारे तृतीयक फॉस्फेट बनते आणि लोखंडावरच स्फटिकरूपाने बसते. आपल्याला हवा असलेला थर तो हाच.

पण हे संतुलन ढळवण्याची आणखी एक वाट आहे: उष्णता. तापमान वाढले की प्राथमिक फॉस्फेट आपणहून तुटते. तृतीयक फॉस्फेट खाली बसते आणि फॉस्फोरिक आम्ल मोकळे होते. साखर किंवा मीठ गरम पाण्यात जास्त विरघळते, ही आपली शाळेपासूनची समजूत इथे उलटी पडते. ६० अंशांच्या द्रावणात १२० अंशांची नळी असेल, तर नळीच्या अंगाला चिकटलेल्या द्रावणात तेच घडते जे वस्तूच्या अंगावर घडावे असे आपल्याला वाटते. वस्तू कोणती आणि नळी कोणती, हे द्रावणाला कळत नाही. ते दोघांवर थर चढवते.

घरी दूध आटवताना काय होते ते आठवा. आच मोठी केली तर दूध लवकर आटत नाही, बुडाला लागते. एकदा लागले की तो करपलेला थर उष्णता अडवतो, बूड आणखी तापते आणि आणखी लागते. कॉस्लेटच्या काळातल्या खाली जाळ असलेल्या टाकीचे दुखणे हेच होते. सर्वांत गरम जागा म्हणजे बूड, आणि गाळ साठण्याची जागाही तीच. गाळाच्या भाकरीखाली अडकलेली वाफ मधूनच उसळी मारायची आणि बसलेला गाळ सगळ्या टाकीत पसरायचा. कोणत्याही स्वयंपाकघरात हे पदार्थविज्ञान ठाऊक होते. कारखान्यात ते नव्याने शोधावे लागले.

वाफेचे दिवस

१९१५ मध्ये अमेरिकेत डेट्रॉइट इथे पार्कर पिता-पुत्रांनी ही पद्धत हाती घेऊन व्यवसाय उभारला. 'पार्करायझिंग' हा शब्द तिथूनच आला, आणि दुसऱ्या महायुद्धातल्या अमेरिकी सैनिकाच्या एम-१ गॅरंड रायफलवरचा राखाडी थर याच घराण्यातला. १९२० आणि १९३० च्या दशकांत प्रवेगक रसायने आली: आधी तांबे, मग नायट्रेट. तासांचे काम मिनिटांवर आले आणि मोटारींच्या सांगाड्यांना रंगापूर्वी फॉस्फेट देणे परवडू लागले. टाक्या मोठ्या झाल्या, आणि मोठ्या कारखान्यात बॉयलर असतोच, म्हणून टाकीत वाफेची कॉइल आली.

वाफ हे उष्णता वाहून नेण्याचे विलक्षण साधन आहे. एक किलो वाफेचे पाणी होताना सुमारे २२५० किलोज्यूल उष्णता सुटते, तीही एकाच तापमानाला. ते तापमान दाबावर ठरते. वातावरणापेक्षा ३ बार जास्त दाबाची वाफ १४४ अंशांची, अर्ध्या बारची सुमारे १११ अंशांची. घाईत असलेला फोरमन काय करतो? टाकी हळू तापते म्हणून दाब वाढवतो. नळीचा पृष्ठभाग आणखी तापतो, त्यावर फॉस्फेटची खपली आणखी जलद चढते, आणि पुढच्या आठवड्यात टाकी अधिकच हळू तापते. मग दाब पुन्हा वाढतो.

वाफेच्या कॉइलमधून जाणारी उष्णता तीन गोष्टींवर ठरते: नळीचे क्षेत्रफळ, वाफ आणि द्रावण यांच्या तापमानातला फरक, आणि वाटेतला रोध. वाफेचे तापमान बॉयलरच्या दाबाने बांधलेले आहे. रोध वाढला तर ते वाढून भरपाई करू शकत नाही, म्हणून उष्णतेचा प्रवाह घटतो. नळीला काही होत नाही, टाकी थंड राहते. हे वाक्य मनात ठेवा. विजेकडे वळलो की त्याचे उलटे रूप दिसेल.

उपाय हळूहळू सापडले, आणि त्यातला सगळ्यात शहाणपणाचा दिसायला अगदी साधा आहे: नळी मोठी करा आणि थंड ठेवा. कडक वाफेऐवजी कमी दाबाची वाफ किंवा गरम पाणी वापरा, क्षेत्रफळ वाढवून फरक कमी करा. पुढे द्रावण पंपाने टाकीबाहेर नेऊन उष्मा-विनिमयकातून फिरवण्याची पद्धत रूढ झाली. बाहेरचा विनिमयक आम्लाने धुता येतो, उत्पादन न थांबवता जोडीचा दुसरा चालू ठेवता येतो. टाकीचे बूड शंकूच्या आकाराचे करून गाळ खाली ओढून घेतला जाऊ लागला. फॉस्फेटच्या टाकीत गाळ होणारच. तो गरम पृष्ठभागावर बसू नये एवढेच आपल्या हातात आहे.

निकेल आणि क्रोम: गरम होण्याची सक्ती

फॉस्फेट बाजूला ठेवून थोडे प्लेटिंगकडे वळू, कारण तिथेही याच काळात टाक्या तापू लागल्या. अमेरिकेत आयझॅक ॲडम्स याने १८६९ मध्ये निकेल प्लेटिंगचे पेटंट घेतले होते. त्याचे निकेल-अमोनियम सल्फेटचे द्रावण थंड आणि काम संथ. १९१६ मध्ये विस्कॉन्सिन विद्यापीठातले प्राध्यापक ऑलिव्हर वॉट्स यांनी निकेल सल्फेट, निकेल क्लोराइड आणि बोरिक आम्ल यांचे गरम द्रावण मांडले. गरम द्रावणात आयन लवकर हलतात, म्हणून वस्तू न जळता कितीतरी जास्त विद्युतप्रवाह चालतो. आजही निकेलची टाकी 'वॉट्स बाथ' याच नावाने ओळखली जाते आणि ती ४५ ते ६५ अंशांच्या दरम्यान चालते.

बोरिक आम्ल इथे एक गंमत करते. ते नेहमीच्या पदार्थासारखे वागते, थंडीत कमी विरघळते. २० अंशांना लिटरमागे जेमतेम ४७ ग्रॅम, १० अंशांना ३५ च्या आसपास. टाकीत ते ३० ते ४५ ग्रॅम असते. लुधियानासारख्या शहरात, जिथे सायकलीच्या भागांवर निकेल-क्रोम चढते, डिसेंबरच्या रात्री टाकी बंद ठेवून घरी गेलात, तर सकाळी बोरिक आम्लाचे पांढरे स्फटिक भिंतींवर, ॲनोडच्या पिशव्यांवर आणि नळ्यांवर बसलेले सापडू शकतात. म्हणजे फॉस्फेटमध्ये नळी फार गरम असण्याने थर बसतो, निकेलमध्ये टाकी गार पडण्याने. पांढरा थर दिसला की लगेच "खपली" म्हणून मोकळे होऊ नका. तो गरम पाण्यात विरघळतो का, हे आधी पाहा.

क्रोमियमची कथा १९२० च्या दशकातली. सार्जंटने १९२० मध्ये प्रसिद्ध केलेले काम आणि कोलंबिया विद्यापीठात फिंकने केलेले काम यांतून क्रोमिक आम्ल आणि त्याच्या शंभराव्या हिश्श्याइतके सल्फेट हे प्रमाण स्थिर झाले. शोभेच्या क्रोमला साधारण ४० अंश, जाड कठीण क्रोमला ५५ च्या आसपास. इथे तापमान आणि विद्युतप्रवाह यांची जोडी जुळवावी लागते. प्रवाहाच्या मानाने टाकी थंड असेल तर थर राखाडी आणि जळका येतो, गरम असेल तर दुधट. आणखी एक अडचण अशी की प्रवाहाचा जेमतेम १० ते २० टक्के भाग क्रोमियम बसवण्यात खर्च होतो. ६ व्होल्ट आणि २००० अँपियर म्हणजे १२ किलोवॅट, आणि त्यातले बहुतेक उष्णतेच्या रूपात टाकीतच राहतात. सकाळी टाकी तापवावी लागते आणि दुपारी तीच थंड करावी लागते. म्हणून क्रोमच्या टाकीतल्या एकाच कॉइलमधून सकाळी वाफ आणि दुपारी थंड पाणी सोडण्याची रीत पडली.

ही कॉइल शिशाची असे, कारण क्रोमिक आम्लात टिकणारे दुसरे स्वस्त काही नव्हते. शिशावर लेड क्रोमेटचा पिवळा थर धरतो आणि उष्णता अडवतो. पण खरी भीती त्या थराची नव्हती, सुईच्या टोकाएवढ्या छिद्राची होती. संध्याकाळी वाफ बंद केली की नळीत उरलेल्या वाफेचे पाणी होते, आत पोकळी निर्माण होते आणि छिद्रातून टाकीतले क्रोमिक आम्ल नळीत ओढले जाते. सकाळी वाफ सोडली की ते निचऱ्याच्या पाण्याबरोबर बॉयलरकडे किंवा गटारात. षट्संयुजी क्रोमियम कर्करोगकारक आहे. म्हणून जुने कारागीर सकाळचे पहिले निचऱ्याचे पाणी काचेच्या ग्लासात धरून उजेडात बघत. पिवळी झाक दिसली की काम बंद. वाफ जोडलेली कोणतीही टाकी तुमच्या हाती आली, तर ही तपासणी अजूनही करण्यासारखी आहे. तिला ग्लासापलीकडे काही लागत नाही.

वीज आली, रोगाने रूप बदलले

अल्बर्ट मार्श याने १९०६ मध्ये निकेल-क्रोमियम मिश्रधातूच्या तारेचे पेटंट घेतले. लाल तापूनही न जळणारी तार प्रथमच हाती आली. त्यानंतर जनरल इलेक्ट्रिकमध्ये ही तार धातूच्या नळीत बसवून भोवती मॅग्नेशियम ऑक्साइडची पूड ठासण्याची युक्ती निघाली. तुमच्या वसतिगृहात बादलीत सोडतात तो रॉड याच वंशाचा. पूड वीज अडवते, उष्णता जाऊ देते.

भारतातल्या लहान कारखान्यांना हा हीटर विशेष मानवला. बॉयलर म्हणजे तेव्हा १९२३ च्या भारतीय बॉयलर कायद्याखाली नोंदणी, ठरावीक तपासणी, प्रमाणपत्रधारक चालक. सहा टाक्यांच्या कारखान्याला ते कुठून झेपणार? तामिळनाडूतल्या काराईकुडी इथे १९४८ मध्ये पायाभरणी होऊन १९५३ पासून सुरू झालेल्या केंद्रीय विद्युतरासायनिक संशोधन संस्थेने प्लेटिंगचे पुष्कळ काम केले. पण गल्लीतल्या प्लेटिंगवाल्यापर्यंत जे पोहोचते ते बहुधा रसायनाच्या दुकानदारामार्फत, आणि दुकानदार उष्णतासंक्रमण शिकवत नाही. माझ्या मते आपल्याकडच्या बऱ्याच कारखान्यांनी वाफेची पायरी ओलांडलीच नाही. ते थेट विजेवर आले, आणि वाफेच्या काळात शिकलेले धडे त्यांच्यापर्यंत आलेच नाहीत.

आता मघाचे वाक्य उलटे करा. वाफेचे तापमान बांधलेले असते, म्हणून खपली चढली की उष्णता घटते. विजेच्या हीटरची शक्ती बांधलेली असते. दोन किलोवॅटचा हीटर खपली असो वा नसो, दोन किलोवॅट बाहेर टाकणारच. रोध वाढला तर तो स्वतःचे तापमान वाढवून तेवढीच उष्णता बाहेर ढकलतो. म्हणून खपलीने भरलेला हीटर सुरुवातीला टाकी अगदी व्यवस्थित तापवतो. कोणाला काही कळत नाही. आत तार मात्र तापत जाते आणि एके दिवशी तुटते. वाफेच्या काळात खपलीमुळे टाकी थंड पडायची, विजेच्या काळात हीटर मरतो. मग हीटरवाल्याला शिव्या, नवा हीटर, आणि महिन्याभराने पुन्हा तेच.

यावरचा उपायही वाफेच्या काळातलाच आहे, फक्त वेगळ्या एककात सांगायचा. हीटरच्या नळीच्या दर चौरस सेंटिमीटरमधून किती वॅट बाहेर पडतात ते मोजायचे. फॉस्फेटला दीड-दोन वॅट पुरे. साध्या पाण्याच्या गिझरमध्ये याच्या कितीतरी पट चालते, आणि बाजारात स्वस्त मिळतो तो गिझरचाच घटक.

पुन्हा त्या कारखान्यात

आता आमची चूक सांगते. टाकीत दोन-दोन किलोवॅटचे सहा हीटर, तीन फेजवर विभागलेले. पाटीवर एकूण १२ किलोवॅट. १००० लिटर द्रावण २५ वरून ६० अंशांवर न्यायला सुमारे ४१ किलोवॅट-तास लागतात, म्हणजे तोटा धरला नाही तर साडेतीन तास. उघड्या पृष्ठभागावरून ६० अंशांना दर चौरस मीटरमागे ३ किलोवॅटच्या आसपास उष्णता जाते, मुख्यतः बाष्पीभवनाने. ९० अंशांना हाच आकडा तिप्पट-चौपट होतो. टाकीचा पृष्ठभाग दीड चौरस मीटर, म्हणजे साडेचार किलोवॅट. भिंतींतून एक धरा. तासाला ५०० किलो थंड लोखंड आत जाते, त्याला दोन. एकूण साडेसात. बारा किलोवॅटमध्ये टाकी आरामात ६० ला राहायला हवी होती. पण काटा तर ५२ वर अडकलेला. आम्ही निष्कर्ष काढला की पुस्तकातले तोट्याचे आकडे या टाकीला लागू नाहीत, आणि ६ किलोवॅटचे आणखी हीटर सुचवले.

पहिला आठवडा छान गेला. मालकांनी पेढे पाठवले. दुसऱ्या आठवड्यात गाळ वाढला. थर भरड आणि पावडरीसारखा येऊ लागला. गाळ होताना मोकळे आम्ल वाढते हे मघाशी पाहिले, ते इथे दिसू लागले. कामगारांनी आम्लता उतरवण्यासाठी सोडा टाकला, त्याने गाळ आणखी वाढला. दीड महिन्यात काटा पुन्हा ५२ वर. रंग उडालेल्या मालाची एक खेप परत आली, आणि तिचे पैसे मालकांच्याच खिशातून गेले. पेढ्यांची आठवण मला अजून टोचते.

मग एका विद्यार्थिनीने वसतिगृहाच्या इलेक्ट्रिशियनकडून क्लॅम्प मीटर मागून आणला आणि प्रत्येक हीटरच्या वायरला लावला. नऊपैकी सहा हीटरमध्ये प्रवाह शून्य. म्हणजे पहिल्या दिवशीही सहापैकी तीनच जिवंत असणार. आम्ही पाटीवरच्या १२ किलोवॅटवर विश्वास ठेवला, टाकीत जात होते फक्त सहा. सहा किलोवॅटने गणित करा: ५२ अंशांना पृष्ठभागावरून तीन, भिंतींतून पाऊण-एक, लोखंडाला दीड-दोन. बेरीज सहाच्या आसपास, काटा ५२ वरच अडकणार. पुस्तकातले आकडे बरोबर होते. हीटर बाहेर काढले तर त्यांच्या अंगावर बोटाएवढी जाड खपली होती, आणि दोन हीटर फोडल्याशिवाय त्यांची नळी दिसेना.

नंतर काय केले? हीटर आम्लात भिजवून साफ केले, मेलेले बदलताना तेवढ्याच वॅटचे पण दुप्पट लांबीचे घेतले, आणि ते बुडापासून वीतभर वर बसवले. टाकीवर प्लॅस्टिकचे पोकळ चेंडू सोडले, त्यामुळे बाष्पीभवन घटले. बारा किलोवॅट पुरले, आणि उरलेही.

पुढच्या काही वळणांवर

तापमानाच्या नियंत्रणाचा इतिहास इथे धावता सांगते. 'थर्मोस्टॅट' हा शब्द अँड्र्यू युअरने १८३० मध्ये वापरला. मिनॉर्स्कीने १९२२ मध्ये जहाजाचे सुकाणू स्वयंचलित करताना तीन संज्ञांचे नियंत्रण मांडले, आणि झीग्लर व निकोल्स यांनी १९४२ मध्ये त्याचे आकडे बसवण्याची रीत दिली. तुम्ही ती नियंत्रणाच्या पेपरात शिकताच. पण न ढवळलेल्या टाकीत वरचे आणि खालचे द्रावण काही अंशांनी वेगळे असते. संवेदक कोपऱ्यात लटकत असेल, तर उत्तमातला उत्तम नियंत्रकही त्या कोपऱ्याचेच तापमान सांभाळतो. आधी ढवळा, मग नियंत्रक विकत घ्या.

साहित्याने मात्र खरेच पुष्कळ बदल केला. क्रॉलच्या पद्धतीने टायटेनियम १९४० च्या दशकाअखेरीस बाजारात आले आणि क्रोमच्या टाकीतल्या शिशाची जागा घेऊ लागले. पुढे क्रोममध्ये फ्लोराइडयुक्त उत्प्रेरक आले तेव्हा तेच टायटेनियम खाल्ले जाऊ लागले, आणि टेफ्लॉनच्या बारीक नळ्यांचे जुडगे आले. टेफ्लॉन उष्णता वाईट वाहते, म्हणून त्याला भरपूर क्षेत्रफळ द्यावे लागते, आणि म्हणूनच त्याचा पृष्ठभाग सौम्य राहतो. ब्रेनर आणि रिडेल यांनी १९४६ मध्ये प्रसिद्ध केलेल्या विद्युतविरहित निकेलच्या पद्धतीत हा गुण फार उपयोगी पडला. ते द्रावण ९० अंशांच्या आसपास चालते, आणि पृष्ठभाग जास्त तापला तर निकेल वस्तू सोडून हीटरवरच चढते.

टाक्याही बदलल्या. पॉलिप्रोपिलीनच्या टाक्या हलक्या, आम्लाला न भिणाऱ्या, उष्णता धरून ठेवणाऱ्या. पण द्रावणाची पातळी बाष्पीभवनाने उतरली आणि हीटरचा काही भाग उघडा पडला, तर मघाचाच नियम लागू होतो: शक्ती बांधलेली, उष्णता न्यायला द्रव नाही, तापमान भरमसाट वाढते. शेजारी प्लॅस्टिकची भिंत. प्लेटिंग कारखान्यांतल्या रात्रीच्या आगींचे हे जगभर ओळखीचे कारण आहे. पातळी उतरली की वीज तोडणारा फ्लोट स्विच फार महाग नसतो. तो तारेने वर बांधून ठेवलेला मी दोन ठिकाणी पाहिला आहे, कारण तो "सारखा बंद करतो".

१९७३ च्या तेलसंकटानंतर कमी तापमानाच्या फॉस्फेटवर जोर आला, आणि या शतकात झिर्कोनियमवर आधारित पातळ थर आले, जे साध्या तापमानाला चढतात. ज्या कारखान्याबद्दल मी बोलते आहे, त्यांनीही मागच्या वर्षी ते घेतले. फॉस्फेटची टाकी आता तापवावी लागत नाही. तिच्या आधीची तेल काढण्याची टाकी मात्र अजून ५५ अंशांवर चालते, तिच्यात बोअरवेलचे कठीण पाणी आहे, आणि कठीण पाण्यातला कॅल्शियमचा क्षारही गरम पृष्ठभागावरच बसतो. गेल्या महिन्यात मालकांचा फोन आला: "मॅडम, तिकडचा हीटर गेला." मी विचारले, अँपियर मोजलेत का? ते म्हणाले, "मोजले. म्हणून तर कळलं."